सगळ्यात खालचा ट्रे

"अहो, इतक्या खाली कोण वाकून बघणार? डोळ्यांसमोर लावा की!"

बायकोचं हे तिसऱ्यांदा सांगून झालं, तेव्हा खाऊवाल्यांनी मशीनमध्ये खुपसलेलं डोकं बाहेर काढलं. दवाखान्याच्या तळमजल्यावरचं खाऊचं मशीन तेच भरायचे, म्हणून नर्सपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना खाऊवाले म्हणत. आज पहिल्यांदाच बायको सोबत आली होती आणि आल्यापासून तिच्या तोंडाला खीळ नव्हती. असणार तरी कशी? तिच्या हातची बिस्किटं आज मशीनमध्ये लागणार होती.

मशीनच्या कंपनीतल्या साहेबांनी बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर एक रांग दिली होती, तीही आठवड्यापुरती. तक्रार आली की बंद. बायकोला धंदा करायचा नव्हताच. तिची हौस निराळी. "घरचे खातात त्यात काय? पानात पडलं म्हणून खातात," ती म्हणायची. "तुम्ही तर मी मीठ विसरले तरी छानच म्हणता. मला एकदा असा माणूस बघायचाय, ज्याला माझं मन राखायची गरज नाही."

"अगं, वरून पडली की चुरा होईल," खाऊवाले म्हणाले.

"माझी बिस्किटं काय काचेची आहेत?"

आता याला 'हो' म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांनी मुकाट्याने मधला ट्रे पुढे ओढला, वेफर्सची स्प्रिंग काढून बिस्किटांच्या जाडीची बसवली. तारेच्या दोन वेढ्यांत एक पुडा. घट्ट बसला तर लटकतो, सैल बसला तर कलंडतो. स्प्रिंगचं टोक खाली वळवून त्यांनी ट्रे आत ढकलला आणि दार लावलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ड्यूटी संपवून निघालेली नर्स. तिने बटण दाबलं, स्प्रिंग फिरली, पुडा सुटला आणि धप्पकन खाली आदळला. नर्सने तो फोडून आत पाहिलं.

"काय हो खाऊवाले, हा भुगा चमच्याने खायचा का?"

बायकोचा चेहरा एवढासा झाला. खाऊवाल्यांनी नर्सला घाईघाईने वेफर्स काढून दिले, वर माफी मागितली. 'मी म्हटलं नव्हतं?' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण इतक्या वर्षांचा संसार टिकला तो असली वाक्यं गिळूनच.

"चूक माझी. माहीत असून बसवली," ते म्हणाले.

"पुरे हो. लावा खाली," ती पुटपुटली. "कुणी वाकलं तर वाकलं."

दोघांनी फरशीवर बसकण मारली, पाण्याच्या बाटल्यांची एक रांग काढली आणि तिथे बिस्किटं लावली. मग बाकावर जाऊन बसले. लोक येत, मधल्या ट्रेमधलं काहीबाही घेत आणि जात. खाली कुणी पाहीना. "चला, घरी कामं पडलीत," बायको म्हणाली खरी, पण उठली नाही.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आला. धिप्पाड माणूस, कपाळावर आठ्यांचं जाळं. त्याने मशीन वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वाकला. पुडा अलगद खाली टेकला. त्याने एक बिस्किट खाल्लं. चेहरा होता तसाच. दुसरं खाल्लं. बायकोने श्वास रोखून धरला होता.

खाऊवाल्यांना राहवेना. "दादा, ती बिस्किटं ना..."

बायकोने त्यांची बाही अशी खेचली की शिवण उसवायचीच बाकी. "गप्प बसा हो!" ती कुजबुजली. "सांगितलंत तर बिचाऱ्याला छान म्हणावं लागेल."

ड्रायव्हरने पुडा संपवला, कागद डब्यात टाकला, हात पँटला पुसले आणि चालता झाला. दारापाशी थबकला. खिसे चाचपत परत आला, गुडघ्यावर हात ठेवून कण्हला आणि मशीनपुढे पुन्हा वाकला.

खाऊवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी हजार वेळा छान म्हटलं असेल, पण तिचा चेहरा असा उजळलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि गंमत म्हणजे, त्यांना त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.