पुलाखालचा भाव

उझबेकिस्तानातल्या कोकंद शहरात, पुलाखाली सकाळी मजुरीला उभ्या राहणाऱ्या बायकांत होसियतआपाचा शब्द चाले. "दिवसाला लाख सोमच्या खाली कुणी गाडीत चढायचं नाही," हा तिचा दंडक. रशियाला गेलेला नवरा पैसे पाठवेनासा झाला, तेव्हा ओयदिन रडतच इथे आली होती. मालकाशी कसं बोलायचं ते आपानेच तिला शिकवलं. "मान खाली घालायची नाही. भाव कामाचा बोलायचा, आपला नाही."

यंदा रशियातली कामं आटली. माणसं रिकाम्या हातांनी परतली आणि त्यांच्या बायकाही बाहेर पडल्या. पुलाखाली उभं राहायला जागा उरेना. गाड्या मात्र होत्या तेवढ्याच.

एके सकाळी कांद्याच्या शेताचा मालक सोबिरजोन ओयदिनपाशी येऊन थांबला. "खुरपणीला चौघी आण. महिनाभराचं काम आहे. पण चपळ हव्यात हं, कण्हणाऱ्या नकोत."

आपाचे गुडघे गेले होते, सगळ्यांनाच ठाऊक होतं. ओयदिनने तिघींना हाक मारली. चौथं नाव तोंडातून निघेना.

"माझ्याकडे काय बघतेस?" आपाच म्हणाली. "मला सुनेबरोबर दवाखान्यात जायचंय. झमिराला घे, तिचं लेकरू लहान आहे."

आपाची सून ताश्कंदला राहते, हे ओयदिनला माहीत होतं. तरी ती "बरं, आपा" म्हणाली आणि गाडीत चढली.

आठवड्याने सोबिरजोनने सांगितलं, "उद्यापासून सत्तर हजार."

"लाख ठरले होते ना, सोबिरजोन-अका?"

"तेव्हा ठरले होते. आता पुलाखाली जाऊन बघ, साठातसुद्धा झुंबड उडेल. मी काय राक्षस आहे? माणसंच उदंड झालीत."

ओयदिनने मागे पाहिलं. झमिरा मान खाली घालून खुरपत होती. बाकीच्याही तशाच. एकटीने 'नाही' म्हणून काय होणार? तीही वाकली.

संध्याकाळी ती नान घेऊन आपाकडे गेली, तर दाराला कुलूप.

"ताश्कंदला गेली लेकाकडे," शेजारीण म्हणाली. "रोज उभी राहायची बिचारी, कुणी घेईना."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

"विचारत होती, कांद्याच्या शेतावर मजुरीचा भाव टिकलाय का. मी म्हटलं, टिकला असेल. बरं वाटलं तिला."

ओयदिनने नान शेजारणीच्या हातात ठेवली आणि घराकडे वळली. रस्ताभर तिला रडू आवरेना.

कांद्याचं काम संपलं, ती पुन्हा पुलाखाली उभी राहू लागली. आता तिथे भाव कुणी बोलत नसे. गाडी दिसली की सगळ्या धावत. ओयदिनही धावे.