पाचव्या गाण्याची उसवण

मास्तरांना एकदा शिवलेलं उसवायचा भारी तिटकारा. बत्तीस वर्षं टेलरिंगच्या दुकानात कात्री चालवली, पण आपलं माप चुकतं हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. पँट कमरेत घट्ट झाली तर ते गिऱ्हाइकाच्या पोटाकडे असं रोखून बघत, की तो बिचारा पोट आत ओढूनच घरी जाई.

अशा माणसाला दुसरं वेड होतं रेकॉर्डिंगचं. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये जागा करून त्यांनी आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर मांडला होता. त्याला कॉम्प्युटर लागत नाही की काही नाही. आठ सरकती बटणं, काडेपेटीएवढा स्क्रीन, संपला कारभार. एकेक वाद्य वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं, मग कुणाला वर, कुणाला खाली करत सगळ्यांना दोन ट्रॅकवर एकत्र आणायचं, हे मिक्सिंग. तयार झालेल्या गाण्यावरून शेवटचा हात फिरवायचा, ते मास्टरिंग. मास्तर विचारणाऱ्याला एवढंच सांगत, "मिक्सिंग म्हणजे शिलाई आणि मास्टरिंग म्हणजे इस्त्री." आणि गाणारा माणूस उभा राहायचा ट्रायल रूममध्ये. आरशावर गोधडी टाकली आणि तिन्ही बाजूंनी गरम कोट टांगले की आत टाचणी पडली तरी आवाज घुमत नसे.

गेले दोन आठवडे त्या ट्रायल रूममध्ये ताई गात होती. ताई म्हणजे मास्तरांची सहा वर्षांनी मोठी बहीण. तिच्या घशात गाठ निघाली होती आणि सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. "गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही. पण आवाज आहे तसाच राहील, असं काही मी लिहून देणार नाही." शुक्रवारपासून गाणं बंद, बोलणंही कामापुरतं, अशी तंबीही त्यांनी दिली होती. म्हणून गुरुवारपर्यंत दोघा भावंडांनी पाच गाणी उरकली. पाचवं त्यांच्या आईचं, तिनेच घरकाम करता करता रचलेलं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं आणि ताईखेरीज कुणाला पुरतं येतही नव्हतं.

शनिवारी सकाळी मास्तरांनी दुकान बंदच ठेवलं. दहापर्यंत चार गाणी शिलाई-इस्त्री होऊन तयार. पाचव्याला मात्र गिटार आणि कीबोर्ड एकमेकांच्या अंगावर येत होते. दोन्ही मास्तरांनीच वाजवलेले, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. ती दोघं नीट ऐकू यावीत म्हणून त्यांनी ताईच्या आवाजाचं बटण पार खाली ओढलं. मग अर्धा तास खटपट करून गिटारला बाजूला सारलं, कीबोर्डचं तोंड जरा दाबलं आणि ते स्वतःवरच इतके खूश झाले, की त्याच भरात सगळं मिक्स करून सातव्या-आठव्या ट्रॅकवर उतरवलं. मास्टरिंगला जागा पुरत नाही, अशी सूचना स्क्रीनवर आली. मास्तरांनी मूळचे सहा ट्रॅक एकामागून एक पुसायला घेतले. पहिला ताईचा. "नक्की पुसायचं?" यंत्राने दरवेळी विचारलं, आणि दरवेळी मास्तरांनी ठेंगा दाखवल्यासारखं बटण दाबलं. मिक्स एकदा ऐकून बघावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. एकदा बेतलेलं दुसऱ्यांदा मापायची त्यांना सवयच नव्हती.

मास्टरिंग लावून त्यांनी हेडफोन कानावर चढवला. गिटार झकास. कीबोर्ड झकास. आणि ताई?

ताई कुठेतरी लांब होती. रिकाम्या इमारतीच्या टोकाच्या खोलीत कुणी गात असावं आणि आपण जिन्याखाली उभं असावं, तशी. शब्द कळत नव्हते, नुसता घुमारा येत होता. आवाजाला जरासा घुमारा द्यावा म्हणून मास्तरांनीच तो आधी वेगळ्या वाटेने यंत्रातल्या घुमवणाऱ्या इफेक्टकडे पाठवला होता, आणि ती वाट सरकत्या बटणाच्या अलीकडूनच फुटत होती. बटण खाली गेलं तसा आवाज गेला आणि घुमारा तेवढा मागे राहिला. मूळ आवाज तर त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मास्तरांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

"अहो, काय झालं?"

"ताईचा आवाज पुसला मी." एवढं बोलून त्यांना हुंदका आवरेना. "आता ती गाऊ शकत नाही. सोमवारनंतर हा आवाज असेल की नाही, ठाऊक नाही. काय तोंड दाखवू तिला? चुकलो गं मी, चुकलो!" आणि तिरमिरीत त्यांनी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

बायकोने तो हात वरच्यावर धरला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मास्तर रागात असताना त्यांच्या हाताला काही लागू द्यायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"थांबा. हे उसवता येतं का?"

"काय?"

"उसवता येतं का म्हणते मी! घातलेला टाका काढता येतो, तसं केलेलं माघारी घेता येतं का ह्यात?"

मास्तरांना ठाऊकच नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती, किंवा पडलेली त्यांनी मानली नव्हती. माहितीपुस्तिका खणात तशीच प्लॅस्टिकच्या पाकिटात पडून होती. बायकोने दाताने पाकीट फाडलं, नाकावर चष्मा चढवला आणि बोट फिरवत वाचायला घेतलं.

"हे बघा. केलेली कामं एकेक करून मागे घेता येतात. शंभरपर्यंत." ती थांबली. "यंत्र बंद केलं, तर मात्र सगळं विसरतं म्हणे."

दोघांनी एकदम बंद करायच्या बटणाकडे पाहिलं. मास्तरांनी दोन्ही हात काखेत घातले.

"मी नाही. तूच दाब."

बायकोने दाबलं. मास्टरिंग गेलं. पुन्हा दाबलं, सहावा ट्रॅक परतला. पाचवा. चौथा. ती मोठ्याने मोजत होती आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिसरा, दुसरा. सातव्यांदा दाबल्यावर ती काही बोललीच नाही. मास्तर घाबरून वळले. पहिल्या ट्रॅकवर बारीक काळी पट्टी उमटली होती.

त्यांनी बटण वर सरकवलं. कानात आधी हँगर खणखणला, मग ताईने घसा खाकरला, खोल श्वास घेतला आणि आईचं गाणं सुरू झालं, अगदी कानाशी, कसलाही घुमारा नसलेलं. मास्तर मटकन स्टुलावर बसले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हेडफोनची एक बाजू त्यांनी बायकोच्या कानाला लावली आणि डोक्याला डोकं टेकवून दोघांनी अख्खं गाणं ऐकलं. चहावर साय धरली तरी कुणी उठलं नाही.

मग त्यांनी नव्याने मिक्स केलं. ताईला सगळ्यांत पुढे ठेवलं आणि तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तर बायकोने दटावून ऐकायला लावलं. जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मूळ ट्रॅकची नक्कलही करून ठेवली. "ताईला मात्र यातलं अक्षर कळता कामा नये," मास्तरांनी बजावलं. बायकोने मान डोलावली.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे दहा दिवस ताईला सक्तीचं मौन होतं. तिने पाचही गाणी डोळे मिटून किती वेळा ऐकली, त्याला गणती नाही. अकराव्या दिवशी घसा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला आता. हळू."

मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ताईने ओठ उघडले. आवाज आला तो खालच्या पट्टीतला, जाडसर, थोडा खरखरीत. पण तो ताईचाच होता, यात शंका नव्हती.

"छोट्या, आईच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला गिटार पळवलीस. तुझ्यामागून फरफटत आलेय मी. ते पुन्हा घ्यायचं."

"ह्या आवाजात?" मास्तर कसेबसे म्हणाले.

"मग? तू दुसरा शिवून देणारेस का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "महिन्याभराने हळूहळू गायला हरकत नाही," म्हणाल्या. मास्तरांच्या डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या आणि त्यांनी त्या पुसल्याही नाहीत.

"नवं घेऊ," ताई म्हणाली, "पण जुनं पुसू नकोस हं यावेळी."

मास्तरांनी चमकून बायकोकडे पाहिलं. दहा दिवस ताईला बोलता येत नव्हतं, ऐकता मात्र येत होतं, आणि बायको रोज दुपारी तिच्यापाशी बसत होती. आता ती अगदी मन लावून खिडकीबाहेर बघत होती.