वैशाखऱ्याच्या वळणावरचे दोन डोळे

मित्रांनो, मला जुना म्हणा, पण आंधळा म्हणू नका. मी गाड्यांचा वेग मोजणारं यंत्र आहे. मला डोळे दोन, हातभर अंतरावर बसवलेले. रस्त्यापलीकडच्या खांबावरून प्रकाशाच्या दोन बारीक रेघा सतत माझ्याकडे येत. गाडी आली की आधी पहिली रेघ तुटायची, मग दुसरी. मध्ये किती वेळ गेला, त्यावरून मी वेग काढायचो आणि पाटीवर लाल आकडा लावायचो. वेळ थोडा, तर वेग जास्त. काम सरळ, पण पापणी लवायच्या आत करायचं!

माझा जन्म वैशाखऱ्याच्या शाळेत झाला. विज्ञानाच्या जगदीश सरांनी शहापूरहून पाइप, काचा, तारा आणल्या आणि मुलींकडून माझी जोडणी करून घेतली. त्याला कारण होतं. माळशेज घाटातून उतरणाऱ्या गाड्या शाळेजवळच्या वळणावर सुसाट येत. तिसरीतली कुणाली रस्ता ओलांडताना एका टेम्पोखाली येता येता थोडक्यात वाचली. गावाने गतिरोधक मागितला, तेव्हा वरून विचारणा झाली, गाड्या जोरात जातात याला पुरावा काय? तो पुरावा म्हणून मला घडवलं.

कुणालीची आजी धोंडूबाई. तिचं अंगण रस्त्याला लागून, म्हणून मला तिथे उभं केलं. मंगळवार, संकष्टी, एकादशी, कुठलाच उपास ती चुकवत नसे. तुळशीला पाणी घालून झालं की माझ्या खांबाशीही ओंजळभर सोडायची.

"त्याला काय मुळं फुटणार हायत गो?" शेजारची शकू चिडवायची.

"फुटू देत. माझ्या नातीसाठी उन्हातान्हात उभा हाय तो."

माझी कीर्ती लवकरच पसरली. "मी नाय बा जोरात चालवत," म्हणणाऱ्या संजूची मोटारसायकल मी बहात्तरवर पकडली, तेव्हा त्याची बायकोच सगळ्यांत मोठ्याने हसली.

मग दसरा आला. घरोघरी विळे, नांगर, गाड्या पुजल्या गेल्या. धोंडूबाईने मलाही पुजलं. काचेला बोट लागणार नाही अशा बेताने कुंकू लावलं आणि झेंडूची भलीमोठी माळ घातली. खरं सांगतो, फार बरं वाटलं मला.

दुसऱ्याच दिवशी रस्त्याचे साहेब पाहणीला आले. सगळं गाव जमलं. एक डंपर धडधडत वळणावर आला. पाटीवर आकडा उमटला, सहा!

"सहा?" साहेब हसले. "एवढं तर मी पायी चालतो."

मागून ट्रक आला. नऊ.

"अहो सर, गाड्या तर हळूच जातात की. गतिरोधक कसा मंजूर करू?" साहेब जीपकडे वळले. धोंडूबाईने कुणालीचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हतो. वारा सुटला होता. माळेचं टोक माझ्या पहिल्या डोळ्यासमोर झुलत होतं. रेघ माळेनेच तुटायची आणि माझं घड्याळ गाडी लांब असतानाच सुरू व्हायचं. मग गाडीला यायला फार वेळ लागला असंच मला दिसणार!

जगदीश सरांनी वाकून पाहिलं. त्यांचा हात माळेपर्यंत गेला आणि थांबला. एवढ्या भक्तीने घातलेली माळ ओढायची कशी?

"आजी... ही माळ..."

"आडवी येते व्हय? मग सांगायचं नाय का, सर! देवाची फुलं पण दुसऱ्या दिवशी उतरवतो आमी. निर्माल्य ते." तिने हात जोडले आणि दोन्ही हातांनी माळ अलगद उतरवली. "साहेब, जराशे थांबा. आता बघा."

एक टेम्पो वळणावर आला. अठ्ठ्याहत्तर!

"साहेब, जा की याच्याबरोबर पायी!" शकू ओरडली. साहेबांनाही हसू आवरेना. पण पुढच्या दोन गाड्या पाहिल्यावर ते हसायचे थांबले. कुणालीकडे बघून म्हणाले, "हिच्या उंचीचं पोर ड्रायव्हरला दिसणारसुद्धा नाही. गतिरोधक करू या."

तो झाला. गाड्या वळणावर दबकत येऊ लागल्या आणि माझं काम संपलं. मला शाळेच्या कपाटावर ठेवलं. धूळ बसली, पालीने अंडी घातली. मन खट्टू झालं, नाही असं नाही. पण वळणावर ब्रेक लागल्याचा आवाज वरपर्यंत येई आणि मी निवांत असे.

आता मुली मला कधीमधी मैदानावर नेतात आणि आपल्या धावण्याचा वेग मोजतात. म्हणून एवढंच मागणं. खरं पाहणाऱ्यासमोर काही आडवं येऊ देऊ नका, अगदी मायेनं घातलेलं असलं तरी. माझी काच मऊ फडक्याने पुसा आणि बाजूला व्हा. पुढचं मी अचूक सांगतो.