माझ्या पायाशी वाढवलेला नारळ

मी एक जुना मोबाईल टॉवर आहे. फलटण-सातारा रस्त्यालगतच्या टेकडीवर उभा आहे. मित्रांनो, माझ्या उंचीवर जाऊ नका. लाजेने मला मान वर करवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ट्रकमधून माझे तुकडे इथे आले. जोडून झाल्यावर मला लाल-पांढरा रंग दिला. तेव्हा खिशात मोबाईल असलेला माणूस म्हणजे गावाला अप्रूप! शेजारीच, जाळीपलीकडे, दुसऱ्या कंपनीचा बुटका टॉवर होता. त्याच्या कंपनीचा फोन मी घ्यायचा नाही, माझ्या कंपनीचा त्याने घ्यायचा नाही, असा आमचा नियम. आमचे राखणदार, माझा धोंडिराम आणि त्याचा नानासो, मात्र एकाच डब्यातली भाकरी खात. मला त्यात कमीपणा वाटे.

एका उन्हाळ्यात हरणाबाई आपल्या लेकीला, स्वप्नालीला, बाळंतपणासाठी वडापच्या, प्रवासी भरून नेणाऱ्या, जीपने फलटणला नेत होती. टेकडीखाली जीपचे चाक निखळले. पोरगी कळांनी तळमळू लागली. रस्त्यावर दुसरे वाहन नाही. जीपमधल्या एका डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडे मोबाईल होता, पण शेजारच्या कंपनीचा. आणि लोडशेडिंगमध्ये शेजाऱ्याच्या जनरेटरचे डिझेल संपले होते.

"आवं शेठ, एवढा टॉवर हाय की वर! लावा की परत," हरणाबाई रडत म्हणाली.

शेठ माझ्याकडे बघत पुन्हा पुन्हा नंबर लावत होते. मी धडधाकट होतो. माझी रेंज त्या जीपवरही पसरलेली होती. तरी तो फोन मी दर वेळी झिडकारला.

गलका ऐकून धोंडिराम खाली धावला. फोन कुठल्या कंपनीचा ते कळताच तसाच माघारी आला आणि माझ्या जनरेटरशेजारचा डिझेलचा कॅन त्याने जाळीवरून पलीकडे दिला.

"नानासो, धर रं! वत लवकर!"

"तुझ्या सायबाला कळलं तर नोकरी जाईल, गड्या."

"जाऊ दे. पोरगी वाचू दे."

शेजारी सुरू झाला, फोन लागला, दवाखान्याची गाडी आली. पोरगी वाचली.

पुढे हरणाबाई नातवाला कडेवर घेऊन टेकडी चढून आली. थेट माझ्यापाशी. तिने मला हळदकुंकू लावले, माझ्या पायाशी नारळ वाढवला, बाळाचे डोके टेकवले. धरणीने पोटात घ्यावे, असे मला झाले.

"आवं आक्का, ह्यानं न्हाई लावला फोन. त्यो शेजारचा, बुटका," धोंडिराम हळूच म्हणाला.

हरणाबाईने वर पाहिले.

"मग ह्यो एवढा उंच कशापायी हुबा हाय?"

धोंडिरामने तिला जाळीपलीकडचा बुटका दाखवला. तिचा तो प्रश्न मला आजही बोचतो.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे. मला रंग द्या, न द्या, माझी तक्रार नाही. फक्त खालून कोणी हाक मारली, तर "तू कुठल्या कंपनीचा?" असे पुन्हा मला विचारायला लावू नका.