एक माप ब्लीच

“आत थांबू नका! आधी दारं उघडा, दोन्हीकडची!” उमाकांत दारातूनच ओरडले आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून नाकावर दाबला.

कौशल्या पॉलीहाऊसच्या मधोमध उभी होती. साडेसातला कुलूप काढून ती नेहमीसारखी आत आली होती, आणि तेव्हापासून जागची हललीच नव्हती. साहेबांनी नाकाला रुमाल का लावलाय, हे तिला कळलं नाही. विचारायचं भानही तिला नव्हतं. तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पाइपांच्या रांगा होत्या आणि पाइपांना पाडलेल्या भोकांतून काल संध्याकाळी दोन हजार लेट्यूस ताठ उभे होते. आज ते सगळे पाइपांच्या कडेवरून ओल्या फडक्यांसारखे लोंबत होते.

तिनं एक रोप उपटून पाहिलं. या रोपांना माती नसते. खतपाणी टाकीतून पाइपांत फिरतं आणि मुळं त्यात पांढऱ्याशुभ्र दाढीसारखी तरंगतात. तिच्या हातात आली ती तपकिरी, चिकटलेली जुडी. तिनं बोटानं जरा दाबलं तर ती तुटून खाली पडली.

“अण्णा, सोप्पू गेली,” ती म्हणाली. लेट्यूसला ती पहिल्या दिवसापासून सोप्पूच म्हणायची. बेंगळुरूमध्ये पालेभाजीला दुसरं काय म्हणणार? “सगळीच्या सगळी गेली, अण्णा.”

पंपाचं काम बघणारा परसू खोकत खोकत पलीकडचं दार ढकलत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उमाकांतांनी टाकीचं झाकण उचललं आणि झटक्यात तोंड फिरवलं.

“कौशल्याबाई, काल ब्लीच किती घातलंत?”

“वास येईपर्यंत. नेहमीसारखं.”

“म्हणजे किती मापं?”

“एक घातलं. वास नाही आला. मग अजून दोन. बाटलीचा जोर उतरलेला होता की, अण्णा. उन्हाळ्यात उतरतो, तुम्हीच म्हणता. शेवटी सबंध ओतली. दुसऱ्या टाकीला दुसरी फोडली. तीपण तसलीच.”

“सबंध बाटली? आणि वास नव्हता?”

“आत्ता तरी कुठं आहे?”

परसूचा खोकला थांबला. तो तिच्याकडे बघत राहिला. उमाकांतांनी नाकावरचा रुमाल हळूहळू खाली घेतला.

सरकारी कारखान्यात सव्वीस वर्षं काढून उमाकांतांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, त्याला आता चार वर्षं होत आली होती. शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या पुढं त्यांचा एक प्लॉट होता. तिथं मातीविना भाजी पिकवायची आणि मोठ्या हॉटेलांना पुरवायची, असं त्यांच्या मनानं घेतलं. जे. पी. नगरातले शेजारी हसले. पहिल्या वर्षी दोन पिकं मूळकुजीनं गेली, तेव्हा तर हसायलाही कुणी आलं नाही. एका रोपाला रोग लागला की फिरत्या पाण्यातून तो चार दिवसांत सगळ्यांना गाठायचा. महागाची औषधं झाली, टाक्या बदलून झाल्या.

कौशल्या तेव्हा झाडलोटीला नुकतीच लागली होती. तिच्या सासऱ्याच्या आज्यापासून घराणं बेंगळुरूतच. मराठी घरात, बाकी सगळं कानडीत. त्याआधी तिनं सोळा वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या होत्या. तिसऱ्यांदा मुळं काळवंडायला लागली तेव्हा ती झाडू टेकवून उमाकांतांना म्हणाली होती, “अण्णा, रागावू नका. रोग्यांच्या चादरी आम्ही ब्लीचमध्ये टाकायचो. चादरीचा रोग मरतो तर पाण्याचा का मरू नये?”

उमाकांत आधी हसले. मग संशोधन संस्थेतल्या एका मित्राला त्यांनी पत्र टाकलं. उत्तर आलं : चालेल, पण जपून. पांढऱ्या कपड्यांना वापरतात ते घरगुती ब्लीच पुरे; हजार लिटरच्या टाकीला शंभर मिलीचं एक माप. जास्त झालं तर मुळंच जळतील. त्या मापानं पुढचं पीक उभं राहिलं, त्याच्या पुढचंही. टाक्या कौशल्याच्या ताब्यात आल्या. बाटली उन्हानं कधी उतरलेली असते, पाणी कधी गढूळ असतं, म्हणून मापावर तिचा भरवसा नसे. ओंजळीत पाणी घेऊन ती नाकाशी नेई; कॉर्पोरेशनच्या नळाला सकाळी पहिल्यांदा पाणी आल्यावर येतो तेवढा पुसट वास आला की पुरे. कुणी पाहुणा आला की उमाकांत म्हणत, “मीटर कशाला हवंय? आमच्या कौशल्याबाईंचं नाक आहे.”

ते नाक आता त्यांच्यासमोर उभं होतं आणि ब्लीचच्या भपक्यात शांतपणे श्वास घेत होतं.

“जरा बाहेर या,” ते म्हणाले.

बाहेर पत्र्याच्या सावलीत त्यांनी बाटली उघडून तिच्यापुढं धरली. परसू दोन पावलं मागं सरकला. कौशल्यानं वाकून वास घेतला.

“येतोय,” ती म्हणाली. “स्वल्प येतोय.”

उमाकांतांनी बाटलीला बूच लावलं. आत जाऊन त्यांनी दोन मग आणले. एकात नुसतं पाणी होतं, दुसऱ्यात बुडाशी बोटभर ब्लीच. दोन्हींवर त्यांनी भोकं पाडलेले कागद टाकलेले होते. “डोळे मिटा, आणि ब्लीच कशात ते सांगा.”

तिनं डोळे मिटले. पहिला मग तिच्या नाकाशी आला. मग दुसरा. मग तिनंच पहिला पुन्हा मागितला आणि छाती भरून श्वास घेतला. कुठंतरी खोलवर काहीतरी हललंसं तिला वाटलं. धुलाईखान्यातला ओला, कढत वास तिला आठवला. तो इतका स्पष्ट आठवला की तो आठवतोय की येतोय, हे तिचं तिलाच कळेना.

“ह्याच्यात,” ती म्हणाली आणि डोळे उघडले.

परसू आपल्या चपलांकडं बघत होता. उमाकांतांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तिनं हातातल्या मगावरचा कागद काढला आणि आत बघितलं. पाणी होतं. तिनं ते चाखूनही पाहिलं.

“पडसं असेल, अक्का,” परसू म्हणाला. “होतं असं. माझंपण मागं चार दिवस नाक बंद होतं.”

“मला पडसं नाही.”

ती पालथ्या क्रेटवर बसली. आत पंप चालूच होता आणि जळलेल्या मुळांतून पाणी फिरतच होतं. परसू पंप बंद करायला निघाला, तेवढ्यात ती एकदम म्हणाली, “चंद्राबाईनं गॅस बंद केला होता.”

“काय?” उमाकांतांनी विचारलं.

“रविवारी. दूध उतू गेलं आणि शेगडी विझली. मी तिथंच बसून शेंगा निवडत होते. चंद्राबाई शेजारून धावत आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ‘वास येत नाही होय गं तुला?’ म्हणाली. मी हसले, अण्णा. लक्ष नव्हतं म्हटलं.” तिनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. “सुखदा तिथंच चटईवर निजली होती. माझी नात. दोन वर्षांची नाही अजून. आणि शेंगा संपवून मी काडेपेटी हातात घेतली होती. देवापुढं दिवा लावायला उठणारच होते मी.”

बनशंकरीतल्या तिच्या त्या दीड खोलीच्या घरात काय झालं असतं, ते तिघांनाही दिसलं. परसूनं जाऊन पंप बंद केला.

दुपारी उमाकांतांची पत्नी सुलभा आली. दोन हॉटेलांचा माल दोन वाजता जायचा होता. ती थेट ऑफिसच्या फोनवर बसली आणि कौशल्या दाराशी उभी राहिली. सुलभा फोनवर सांगत होती, “नाही हो, आमच्याकडून काही चूक नाही. दुकानदारानं खराब केमिकल दिलं. हो, आम्ही तक्रार करतोय त्याची.”

“वहिनी,” कौशल्या म्हणाली.

सुलभानं हातानंच थांबायला सांगितलं.

“वहिनी, तसं सांगू नका.”

सुलभानं फोनवर तळवा ठेवला. “अगं, तुझ्यासाठीच सांगतेय. तुझं नाव कशाला यायला हवं?”

“त्या दुकानदाराच्या बाटलीत काही दोष नाही. चांगली बाटली आहे. दोष माझ्या नाकात आहे. तसंच सांगा.”

“असं कुणी सांगतं का? हॉटेलवाले काय म्हणतील?”

“म्हणू दे. पण त्याच्या पोटावर पाय नको.”

सुलभानं नवऱ्याकडं बघितलं. उमाकांत पुढं आले, त्यांनी फोन आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, “मी उमाकांत बोलतोय. ब्लीच जास्त पडलं. चूक आमची आहे. हो, माझीच.” मग पलीकडचं बरंच काही ते मुकाट्यानं ऐकत राहिले. त्या दोन हॉटेलांपैकी एकानं नंतर पुन्हा कधी माल मागवला नाही.

दुसऱ्या दिवशी उमाकांतच तिला नाक-घशाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं बत्ती टाकून बघितलं. कॉफीची पूड, लवंग, कापूर असं एकेक नाकाशी धरलं. कौशल्या प्रत्येक वेळी नाही म्हणाली. आता ती अंदाज करत नव्हती. ब्लीचमध्ये किती वर्षं, असं डॉक्टरनं विचारलं. वीस, ती म्हणाली. धुलाईखान्याला खिडकी होती? नव्हती.

“नक्की कशानं गेलं ते मी सांगू शकत नाही,” डॉक्टर उमाकांतांना म्हणाले. “पण त्यानं भलं तर झालं नसणार. परत येईलसं वाटत नाही.”

गाडीत बसल्यावर उमाकांतांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

“सव्वीस वर्षं मी कारखान्यात होतो, कौशल्याबाई. दाबाचा काटा नसलेला बॉयलर मी एक दिवस चालू दिला नाही. माणसं मरतात म्हणून. आणि इथं पाण्यातलं ब्लीच मोजायची साधी पेटी मिळते, ती मी आणली नाही. तुमचं नाक होतं ना.”

“नाक मीच पुढं केलं होतं, अण्णा.”

“ते मी पुढं करू द्यायला नको होतं.”

मग त्यांनी गाडी सुरू केली. रस्त्यात पावाच्या भट्टीसमोर गाडी सिग्नलला थांबली. तो खमंग वास तिला नको म्हणून उमाकांतांनी नकळत काच वर केली, आणि तिला तो येतच नाही हे लक्षात येऊन पुन्हा खाली घेतली.

घरी तिनं सुनेला सगळं सांगितलं, काडेपेटीसकट. त्या दिवसापासून सून संध्याकाळच्या पाळीला जाताना गॅसच्या टाकीची चावी बंद करून, सुखदाला कडेवर घेऊन चंद्राबाईकडं ठेवायला लागली. कौशल्यानं त्याला हरकत घेतली नाही. हे तिनंच सुचवलं होतं. पण पहिल्या दिवशी पोर दारातून आजीकडं हात पसरून रडली, तेव्हा ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

चार दिवसांनी ती कामावर गेली. दोन हजार मेलेली रोपं अजून तशीच होती. एक गवळी ती म्हशींसाठी मागायला आला होता. ब्लीच प्यालेली आहेत, म्हणून तिनं त्याला हात लावू दिला नाही. पाइप एकेक करत तिनं आणि परसूनं रिकामे केले. टाक्या घासल्या, तीन पाण्यांनी धुतल्या. परसूनं दोन्ही भिंतींना पंखे बसवले. उमाकांतांनी एक छोटी पेटी आणली होती : काचेची नळी, औषधाची कुपी आणि पिवळ्या रंगाच्या पट्ट्यांचं कार्ड. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी कितपत पिवळं होतं ते कार्डाशी ताडायचं.

“हे परसूकडं देऊ का?” त्यांनी विचारलं. “तुम्ही पॅकिंग बघा. बसून काम आहे.”

“का? डोळे आहेत की मला.”

तिनं नळी उजेडात धरली. नळी हलू नये म्हणून कोपर पाइपावर टेकवलं. बराच वेळ कार्डाकडं आणि नळीकडं आळीपाळीनं बघून ती म्हणाली, “दुसरी पट्टी.” उमाकांतांनी चष्मा लावून पाहिलं. दुसरीच होती. जूनअखेर नवं पीक उभं राहिलं.

पहिला माल गेला त्या दिवशी तिला निघायला उशीर झाला. बनशंकरीची बस गच्च भरलेली होती, तरी मागच्या बाजूला एक बाक निम्मा रिकामा होता, आणि त्याच्या आसपासची माणसं एकमेकांना चेंगरून उभी होती. बाकावर एक बाई खिडकीशी अंग चोरून बसली होती. पायांशी गोणपाटानं झाकलेली टोपली होती. कौशल्या गर्दीतून वाट काढत गेली आणि तिच्या शेजारी बसली. लोकांनी तिच्याकडं चमकून पाहिलं. मग तिनं एका मुलीला ओढणीचं टोक नाकावर धरताना बघितलं, गोणपाटाखालून डोकावणारं सुक्या मासळीचं शेपूट बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं.

ती बाई ओशाळून टोपली आणखी आत ढकलायला लागली. “वास येतोय ना, अक्का?” तिनं कानडीत हळूच विचारलं. “काय करू, राहिला माल आज. पुढच्या स्टॉपला उतरते मी.”

“नाही येत,” कौशल्या म्हणाली. तिनं वाकून टोपली आपल्या पायांशी ओढून घेतली, आणि त्या बाईला पाय पसरायला जागा करून दिली.