मानबोकच्या कवळीची शिट्टी

मानबोकला कवळी बसवली ती त्याच्या बायकोच्या हट्टापायी. म्हातारा मुळ्याची किमची, ते आंबवलेलं लोणचं, नुसती चोखतो अन् परत वाटीत ठेवतो, हे तिला बघवेना. कवळी झकास बसली. मुळा कराकरा चावला जायला लागला. घोळ झाला तो बोलताना.

जिंदो बेटावर बाई चटईवर उभी राहून गोष्ट गाते अन् ढोलवाला शेजारी मांडी घालून बसतो. ढोल वाजवणं हे त्याचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे ऐन जागी "ऑलसिगू" म्हणून दाद देणं. तिच्यावरच गाणारीचा दम टिकतो. अन् कवळी आल्यापासून मानबोकच्या "सि"ला शिट्टी वाजायची. परसात त्यानं एकदा म्हणून बघितलं, तर शेजारचं कुत्रं शेपूट हलवत आलं.

जोमरे गायची अन् मानबोक वाजवायचा, हे दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनचं. आज पाटलांच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला गाणं होतं. शिट्टी वाजली तर लोक हसतील, जोमरेच्या गाण्याची माती होईल. त्यानं ठरवलं, आज तोंड मिटून वाजवायचं, अन् उद्या ढोल मोक्पो शहरातल्या एका शिकलेल्या ढोलवाल्याला देऊन टाकायचा.

भर दुपारी अंगणात गाणं सुरू झालं. वादळात नवऱ्याची वाट बघणाऱ्या कोळणीची गोष्ट. मानबोकचा हात असा पडत होता की काय सांगावं. जोमरेनं गाण्यातली पहिली लाट, म्हणजे चढती तान, उचलली. मानबोक गप्प. तिनं तिरक्या नजरेनं बघितलं. दुसरी लाट उचलली. मानबोक गप्पच. तिसरी लाट काही वर चढेना. तिनं हातातला पंखा मिटला.

"मानबोकदादा, माझा गळा गेला का?"

"अंहं," मानबोक मिटल्या तोंडानं म्हणाला.

"मग तोंडाला कुलूप का? हिवाळ्यात खोकला झाला तेव्हापासून मला धाकधूक आहेच. तुम्हीच गप्प बसलात म्हणजे मी आता घरी बसावं, असंच ना?"

मानबोक चरकला. आपल्या गप्प बसण्याचा हा अर्थ निघेल, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"अगं बये, गळा सोन्यासारखा आहे. सांगू कसं..."

प्रत्येक "स"ला शिट्टी वाजली, चांगली लांब. अंगण खो खो हसलं.

"कवळीला नावं ठेवू नका," त्याची बायको चुलीजवळून ओरडली. "महाग आहे ती."

जोमरे हसली नाही. आधी तिनं मोठा श्वास सोडला, मग म्हणाली, "एवढंच? मला सांगायचं तरी. काढा ती."

"चारचौघांत?"

"नाहीतर मी गात नाही."

मानबोकनं पाठ फिरवून कवळी काढली अन् ताडीसारख्या तांदळाच्या दारूच्या रिकाम्या वाटीत ठेवली. जोमरेनं पंखा उघडला, तीच लाट पुन्हा उचलली, अन् या वेळी ती पार कौलांवर गेली.

"ऑलहिगू," मानबोक म्हणाला.

पाटलांच्या आईच्या तोंडातही एक दात नव्हता. तिनंही "ऑलहिगू" म्हटलं. मग सगळं अंगणच तसं म्हणायला लागलं, दात असलेलेसुद्धा.

जेवताना मानबोकनं कवळी धुऊन बसवली अन् मुळ्याला हात घातला.

"दादा," जोमरे त्याच्या ताटात माशाचा तुकडा टाकत म्हणाली, "उन्हाळ्याआधी ग्वांगजूला गायला जायचंय आपल्याला. कवळीला एक डबी घेऊन ठेवा. दर वेळी वाटी कुठून आणायची?"