काळ्या चौकोनातला आवाज

दोन खोल्यांच्या घरात गर्दीनं पाय ठेवायला जागा नव्हती. गेलेल्या पोराचा लॅपटॉप टेबलावर, स्क्रीनवर नुसता काळा चौकोन, शेजारी मेलेल्यांचे आवाज ऐकवणारे ध्वनीबाबा. बाबांनी डोळे मिटून बटण दाबलं. पोराचा आवाज आला, "आई, पांढरे वेगळे कर, रंगीत वेगळे..." आणि तुटला.

"पांढरा म्हणजे आत्मा, रंगीत म्हणजे देह," बाबा म्हणाले. "तिकडून रोज एवढंच बोलता येतं त्याला. उद्या लॅपटॉप मठात नेतो, मग चेहराही दिसेल."

आई हात जोडून बसलेली. जेवणखाण सुटलं होतं तिचं.

तिचा धाकटा भाऊ उठला. सगळ्यांचा मामा. उभा जन्म लोकांना टोप्या घालण्यात गेलेला. दुसऱ्याची टोपी त्याला लांबून ओळखू यायची.

"बाबा, आत्म्याला कपडे धुवायचेत का हो?"

"हात लावलास तर कोप होईल."

"होऊ द्या. माझ्यावर शाळेपासून होतोय."

त्यानं स्क्रीनवरचं पान बंद करून पुन्हा उघडलं. आवाज लगेच पुढे बोलला, "पावडर एकच चमचा..." आणि तुटला. बाबा चप्पल शोधू लागले.

"लॅपटॉप चालवणारं हे लिनक्स भाच्यानंच टाकलेलं," मामा म्हणाला. "ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणारं जोड-सॉफ्टवेअर, प्लग-इन, जुनं झालंय. चित्र उमटत नाही, चार शब्दांत ते कोलमडतं. परत उघडलं की थांबलं तिथून पुढे. बाबा दिवसातून एकदाच दाबतात, एवढाच चमत्कार."

तो नवीन प्लग-इन उतरवून घेत असताना ताईनं, पोराच्या आईनं, त्याचं मनगट धरलं. "नको रे. तुटकंच राहू दे."

मामा थबकला. पण तुटकंच ठेवलं, तर उद्या लॅपटॉपच मठात गेला असता. त्यानं बटण दाबलं.

पोरगा दिसला. वॉशिंग मशीनला टेकून उभा, केस विस्कटलेले. "एकच चमचा, आई. तू दोन टाकतेस. विसरलीस तर हाच व्हिडिओ बघ, दरवेळी फोन नको करू." हसला. व्हिडिओ संपला.

"मी कधी बघितलाच नव्हता," ताई म्हणाली. "मुद्दाम फोन करायचे."

मामा दारातल्या गर्दीकडे वळला. "मेलेल्याचा आवाज कुणी ऐकवला, तर पाया पडण्याआधी बटण एकदा स्वतः दाबून बघा. एवढं तरी करा."

त्याच्या बोलण्यावर पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. माणसं खाली मान घालून पांगली.

"म्हणजे उद्या तो नवीन काही बोलणार नाही," ताई म्हणाली.

"नाही, ताई."

"बरं." तिनं पदरानं स्क्रीन पुसली. "मग पहिल्यापासून लाव."